कुलूपआत्याचे दोन कॅमेरे

"आधी हात बघावेत, तोंड मागाहून बघितलं तरी चालतं." कुलूपआत्या हे दिवसातून एकदा तरी म्हणायचीच. चाळीस वर्षं तिने बाजाराच्या तोंडाशी कुलपांचं दुकान चालवलं. दुकान म्हणजे एक लाकडी फळी, किल्ली घट्ट पकडून ठेवायला फळीला आवळलेला लोखंडी शेगडा, कानशींचा डबा आणि डोक्यावर तारेत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्या. वारा आला की त्या किणकिणायच्या. कुणी म्हणायचं, घराची किल्ली हरवली, कुलूप उघडून द्या. आत्या त्याच्याबरोबर जायची आणि दारापाशी मुद्दाम दोन पावलं मागे राहायची. ज्याचं घर असतं त्याचा हात न बघता कडीवर जातो. ज्याचं नसतं त्याचा हात चाचपडतो. असे चाचपडणारे सात जण तिने आल्या पावली परत पाठवले होते. त्यातल्या एकाने जाताना तिचीच कानस तिच्या कपाळात मारली होती. तो व्रण ती केसांनी झाकत नसे.

तिच्या भावाची मुलगी आईबापाच्या मागे तिच्याच हाताखाली वाढली. त्या भाचीचा नवरा गोदामाच्या यार्डात क्रेन चालवायचा. दहा टन लोखंड तो चहाचा कप ठेवावा इतकं अलगद जमिनीवर ठेवतो, अशी त्याची तिथे कीर्ती होती. सगळे त्याला क्रेनवालाच म्हणत. घरी आल्यावर त्याचं तेच कसब उलटं फिरायचं. शिवी नाही, आरडाओरडा नाही. तो दार लावायचा, रेडिओ बंद करायचा आणि मुकाट्याने मारायचा. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी एके दिवशी त्याने बायकोची दोन बोटं दाराच्या बिजागरीत धरली आणि दार हळूहळू मिटत नेलं, तेही घाई न करता. त्या दिवशी भाची बोटांना फडकं गुंडाळून निघाली ती आत्याच्या दुकानावर येऊन फळीखाली बसली.

आत्याने तिला तळमजल्यावरच्या दोन खोल्या बघून दिल्या. रस्त्याच्या पलीकडे सलून होतं, माणसांचा राबता होता, म्हणून ती जागा तिला बरी वाटली. चौकीत तक्रारही दिली. हवालदाराने ती लिहून घेतली, पण क्रेनवाल्याने सांगितलं की दार वाऱ्याने लागलं. हवालदार आत्याला म्हणाला, "बाई, तुमचा माझा विश्वास उपयोगाचा नाही. काहीतरी दाखवता येईल असं आणा."

तेव्हा आत्या कॅमेरा घ्यायला गेली.

विजेच्या सामानाच्या दुकानदाराने तिच्यापुढे आठ कॅमेऱ्यांचा संच मांडला. आत्या म्हणाली, घराला दार एक आहे, त्याला आठ डोळे लावून काय दृष्ट काढायची आहे का. मग तिने एकेक कॅमेरा हातात घेऊन कुलूप पारखावं तसा पारखला. वीज गेली तर हा काय करतो? चित्र ह्याच्या पोटात राहतं की नुसतं फोनवर जातं? ह्याचा पासवर्ड कंपनीने घातलेलाच ठेवायचा की आपला घालता येतो? दुकानदार म्हणाला की बहुतेक लोक कंपनीचाच ठेवतात. आत्याने कपाळाला हात लावला. म्हणजे सगळ्या कुलपांना एकच किल्ली, आणि ती किल्ली सगळ्या गावाच्या खिशात. शेवटी तिने पोटात कार्ड असलेला आणि फोनवरही चित्र धाडणारा एक साधा कॅमेरा उचलला, आणि ड्रिल आपलंच आहे म्हणून बसवायला माणूस नको म्हणाली.

कॅमेरा तिने दाराच्या चौकटीला वरून लावला. चित्र सारखं गोठायचं. भाची बाहेर जाऊन हात हलवायची आणि फोनवर तिचा हात अर्ध्यावर अडकून राहायचा. आत्याने कॅमेरा दोनदा खोलला, दोनदा बसवला. तिसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं की वायफायचा डबा आणि कॅमेरा यांच्यामध्ये लोखंडी कपाट उभं आहे. कपाट सरकवलं, डबा फळीवर उंच ठेवला, आणि चित्र वाहत्या पाण्यासारखं झालं. मग दुसरंच सुरू झालं. दोरीवरचा टॉवेल हलला की फोन वाजायचा, मांजर गेलं की वाजायचा. दिवसातून दोनदोनशे वेळा वाजायचा आणि दर वेळी भाचीच्या तोंडचं पाणी पळायचं. तेव्हा आत्याने पडद्यावर बोटाने एक चौकोन आखला. एवढ्यात काही हललं तरच बोल, असं यंत्राला सांगितलं. तो चौकोन कुलपाचा होता. शिवाय चित्र मोठं दिसावं म्हणून तिने कॅमेऱ्याचं तोंड आणखी खाली, थेट कडीवर वळवलं.

भाची म्हणाली, "आत्या, ह्यात माणूस कुठं दिसतोय?"

"हात दिसतायत ना? चाळीस वर्षं मी हातांवरच पोट भरलंय."

कुलपाच्या भोकाजवळचा ओरखडासुद्धा त्या चित्रात दिसत होता. आत्याला आपल्या कामाचं फार कौतुक वाटलं.

महिन्याने एका सकाळी अकराच्या सुमाराला दोन हात त्या चौकोनात आले. हातांत यार्डातले कातडी मोजे होते, आणि एका हातात पहार. पहार कडीजवळच्या फटीत घुसली, एकदा हिसकली, दुसऱ्यांदा हिसकली, आणि आतली कडी खिळ्यांसकट उपटून आली. चित्र तिथे संपलं, कारण दार आत गेलं आणि चौकोनात हलण्यासारखं काही उरलं नाही. आतलं भाचीने नंतर सांगितलं. त्याने तिला केसांनी धरून चुलीपासून मोरीपर्यंत ओढलं. तिचा डावा हात मोरीच्या कठड्यावर ठेवला, त्यावर पाय दिला, आणि पहार एकदाच खाली आणली. हाड मोडल्याचा आवाज तिने आधी ऐकला, दुखलं मागून. तो आला तसा गेला. तोंडातून एक शब्द नाही.

आत्याने ते चित्र चौकीत नेलं. पहार ज्या पद्धतीने धरली होती, वरचा हात सैल आणि खालचा घट्ट, त्यावरून तिने माणूस ओळखला होता. ती शपथ घ्यायला तयार होती. हवालदाराने चित्र तीनदा पाहिलं आणि म्हणाला, असले मोजे यार्डात चारशे जण घालतात. क्रेनवाल्याचे दोन सोबती येऊन सांगून गेले की तो तेव्हा क्रेनवर होता. संध्याकाळपर्यंत तो मोकळा झाला.

आत्या प्लास्टरमधल्या हाताच्या उशाशी बसून होती. तोंडात कुणी मारल्यासारखी तिची गत झाली होती. ती म्हणाली, "मी चोरासाठी कॅमेरा लावला, पोरी. चोराला दार उघडायचं असतं, म्हणून त्याचे हात बोलतात. ह्याला काही उघडायचंच नव्हतं. ह्याचं तोंडच बघायला पाहिजे होतं."

तिने दुकान बंद ठेवलं आणि शेगडा भाचीच्या घरी आणून खिडकीपाशी आवळला. दाराला नवी कडी बसवली, आतून साखळी. पहिला कॅमेरा तिने होता तिथेच राहू दिला, सगळ्यांना दिसेल असा. दुसरा आणून खोलीत, दाराच्या समोर, भांड्यांच्या फळीवर ठेवला. पण दार उघडलं की बाहेरचा उजेड मागून यायचा आणि दारातलं माणूस कोळशाच्या पुतळ्यासारखं काळंठिक्कर दिसायचं. दुकानदाराने फोनवर सांगितलेली उजेड वाढवायची दोन बटणं दाबून झाली, चेहरा काही उजळेना. आत्या दारात उभी राहायची आणि भाची फोन बघून सांगायची.

"नाक दिसतंय. डोळे नाहीत."

"नाकावर कुणाला तुरुंगात टाकत नाहीत. आता?"

"आता हसलीस ते दिसलं."

शेवटी कॅमेरा बाजूच्या भिंतीवर, डाळीच्या दोन डब्यांच्या मध्ये, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला आला. तिथून खिडकीचा उजेड चेहऱ्यावर पडायचा. ह्या खेपेला तिने चौकोन आखला नाही, सगळी खोली घेतली आणि आवाजही सुरू ठेवला. वायफायच्या डब्याला नि कॅमेऱ्याला छोटी बॅटरी जोडली, कारण विजेचा मोठा खटका घराबाहेर होता आणि तो कुणालाही पाडता येत होता.

अकराव्या दिवशी दुपारी पंखा थांबला. आत्या किल्ली घासत होती, तिने मान वर केली. वायफायच्या डब्याचा हिरवा दिवा जळत होता. बाहेर दारावरचा कॅमेरा फुटल्याचा आवाज आला, मग दारावर घाव बसू लागले. साखळी तिसऱ्या घावाला तुटली.

क्रेनवाला आत आला. हातात घण, मोजे नाहीत. खिडकीचा उजेड थेट त्याच्या तोंडावर पडला होता. ह्या खेपेला तो बोलला, कारण डोळा आपण फोडला अशी त्याची खात्री होती.

"आता कोण बघतंय, आत्याबाई?"

आत्या मध्ये आली तशी त्याने उलट्या हाताने तिच्या तोंडावर मारलं. दोन दात तिच्या जिभेवर आले. ती भिंतीवर आदळून खाली बसली. त्याने भाचीचा प्लास्टरमधला हात धरला आणि शेगड्याच्या कडेवर आपटला. प्लास्टर फुटलं. ती ओरडली तसा पुन्हा आपटला. मग त्याने घण उचलला, आणि तो कुठे पडणार हे त्याच्या नजरेवरून कळत होतं. आत्याने जमिनीवरूनच आपली किल्ल्या ठोकायची हातोडी उचलली आणि त्याच्या गुडघ्याच्या वाटीवर घातली. तो कोसळला. घण हातातून सुटून मोरीकडे घसरत गेला.

इथवर कुणीही आत्याला नावं ठेवली नसती.

तो कुशीवर पडला होता, उजवा हात फरशीवर पसरलेला. म्हणाला, "पुरे. पुरे, आत्याबाई." आत्या गुडघ्यांवर रांगत त्या हातापाशी गेली. तिने हातोडी उचलून बोटांच्या सांध्यांवर मारली. पुन्हा मारली. तिच्या तोंडातलं रक्त त्याच्या मनगटावर गळत होतं आणि ती मारत होती, किल्लीचा दाता पाडताना मारते तशी, बेताबेताने. तो पहिल्यांदाच किंचाळत होता. भाचीने चांगल्या हाताने तिला मागून मिठी घातली तेव्हा ती थांबली.

रुग्णवाहिका त्याला घेऊन गेली. भाचीला नवं प्लास्टर झालं. हवालदाराने दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आत्याला जबाबाला बोलावलं, आणि म्हणाला की क्रेनवाल्याने आत्ताच सांगितलंय, दोघी बायकांनी घरी बोलावून मला मारलं.

त्या संध्याकाळी दोघींनी फोनवर चित्र पाहिलं. सगळं होतं. तोंड होतं, आवाज होता, घण होता, आणि शेवटची चाळीस सेकंदंही होती. किती वेळा मारलं हे आत्याला तेव्हाच कळलं. नऊ वेळा.

भाची म्हणाली की शेवटचं कापून टाकू, फोनवर दोन बोटांचं काम आहे. आत्याने दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, कापता येईल, पण कोपऱ्यात तास-मिनिटं चालू असतात आणि मूळ कार्ड चौकीवाले मागणारच. एक तुकडा गेलेला सापडला की त्याचा वकील म्हणणार सगळंच बनावट. मग तो सुटेल.

"सुटू दे मग," भाची रडत म्हणाली. "मी दुसरीकडे जाईन. तुला आत टाकतील, आत्या."

"तू दुसरीकडे गेलीस की तो तिथं येईल. ह्या खेपेला तुझा हात नाही धरायचा, मान धरेल." आत्याच्या दातांच्या जागी बोळा होता, त्यामुळे शब्द फुगून बाहेर पडत होते. "आणि एक सांगू? ती बाई मला आवडली नाही. तो पुरे म्हणाला होता, मी ऐकलं होतं. पण ती मीच आहे. तिला कापून मी कुठं ठेवू?"

सकाळी तिने डब्यांच्या मधला कॅमेरा खाली काढला, नखाने कार्ड उपसलं आणि गिऱ्हाईकाला किल्ली द्यायच्या छोट्या कागदी पाकिटात घातलं. रात्री बसवलेल्या नव्या साखळीचा खिळा घट्ट आहे का ते अंगठ्याने दाबून पाहिलं. भाचीला म्हणाली, जेवून घे, माझी वाट बघत उपाशी राहू नकोस. भाचीने तिचा हात धरला होता, तो तिने एकेक बोट करून सोडवला. मग ती पाकीट मुठीत धरून चौकीच्या दिशेने निघाली, भिंतीवर आदळून दुखावलेला पाय किंचित ओढत, पण रस्त्याच्या मधून.

भाची तुटक्या चौकटीत उभी राहून बघत होती. पलीकडचा सलूनवाला, ज्याने दोन्ही दिवशी आरडाओरडा ऐकून आपला दरवाजा लावून घेतला होता, वस्तरा हातात घेऊन पायरीवर आला होता, आणि त्याच्यामागे अर्ध्या गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक. आत्याने दोघांकडेही पाहिलं नाही. ती वळणावर दिसेनाशी झाली तरी तिघं तिकडेच बघत होती.