देवानं सांगितलं म्हणून

घरात तिला सगळे मधली म्हणत. थोरली शांत, धाकटी लाडकी आणि ही दोघींच्या मधली, एका जागी न ठरणारी. जेवताना उठायची, बोलताना उठायची, उपासनेत तर सतरा वेळा बूड हलवायची. "हिला देवानं घडवलं तेव्हा त्यालाही घाई असावी," असं आई म्हणायची. आई रविवारी मंडळीतल्या मुलांना शास्त्रातल्या गोष्टी शिकवायची. वडील एका दवाखान्यात कंपाउंडर होते. माणसं देवभोळी नव्हती, पण देवाला धरून राहणारी होती.

मधलीची खरी अडचण पायांची नव्हतीच. रविवारी लोक उभे राहून साक्ष देत. कुणी म्हणे, देव माझ्याशी बोलला. कुणी म्हणे, प्रार्थना करताना छातीत ऊब भरून आली. मधलीनं डोळे मिटले की तिला पंख्याची घरघर ऐकू यायची, शेजारणीचं खोकणं ऐकू यायचं, आणि आज घरी जेवायला काय असेल हा विचार यायचा. देवाचा शब्द म्हणून काही यायचा नाही. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? पोहता येत नाही हे अर्ध्या पाण्यात गेल्यावर कोण कबूल करतं!

म्हणून तेविसाव्या वर्षी, "परदेशी दोन वर्षं सेवेला कोण जाईल?" असं पाळकांनी विचारलं, तेव्हा विचार पोचायच्या आत तिचा हात वर गेला. घरी ऐकू येत नाही, तर लांब गेल्यावर तरी येईल, अशी तिची समजूत. आईनं डोळे पुसले, वडिलांनी गोळ्यांचा एक डबा भरून दिला आणि मधली विमानात बसली.

तिकडे चौथ्या मजल्यावरची एक खोली होती. दोन लोखंडी पलंग, एक कपाट, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं वेळापत्रक. सहाला प्रार्थना, सातला वाचन, नऊपासून घरोघर. जोडीदारीण तिच्याहून पाच वर्षांनी मोठी, तिला मधली ताई म्हणायची. ताई चार वर्षं या कामात मुरलेली. दार उघडणाऱ्याच्या चपला बघून ती ओळखायची की हा आत घेणार की तोंडावर दार लावणार. बहुतेक दारं तोंडावरच लागायची. मधलीला भाषाही धड येत नव्हती. एकदा एका आजोबांना तिनं "तुम्हाला शांती हवी का?" असं विचारायचं सोडून "तुम्ही गप्प बसता का?" असं विचारलं. आजोबांनी दार लावलं ते कडी घालूनच.

दर शनिवारी तिथल्या पाळकांना अहवाल द्यायचा. किती दारं, किती संभाषणं, कुणासाठी प्रार्थना केली, काय अनुभव आला. ताईच्या अनुभवांना खळ नसायचा. मधलीचा रकाना मोकळा राहायचा. तिसऱ्या महिन्यात तिनं लिहून टाकलं, "प्रार्थनेच्या वेळी अंगावर काटा आला." काटा आला होता हे खरं, पण खिडकी उघडी होती म्हणून.

बसडेपोच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर एक दुकान होतं. तिथे एक नवरा-बायको जुन्या खुर्च्या-कोचांना नवं कापड चढवायचे. मधलीनं त्याचं नाव ठेवलं कुशनवाला, आणि त्याच्या बायकोला ती मनातल्या मनात काकू म्हणू लागली. कुशनवाला ओठांत चुका धरून काम करायचा, म्हणजे त्या बारीक खिळ्यांना आपण चुका म्हणतो त्या. एकेक चूक ओठांतून काढायची, हातोडीच्या एका टोल्यात बसवायची. बोलणंही त्या चुकांमधूनच.

"बसा," तो पहिल्या दिवशी म्हणाला होता. "देवाबद्दल बोलायचं तर बोला, पण ती खुर्ची सोडून. तिचा पाय अजून कच्चा आहे."

त्या गल्लीत बसायला सांगणारा तो एकटाच. मग आठवड्यातून दोनदा त्या जाऊ लागल्या. कुशनवाल्याचा विश्वास बसला नाही, पण त्याला गप्पा आवडायच्या. काकू शिवणयंत्रावर खोळी शिवत एखादा टोमणा मारायची. दुसऱ्या शहरात नोकरी करणाऱ्या मुलीच्या गोष्टी निघायच्या.

थंडी सरत आली तेव्हा कुशनवाल्याचे कपडे त्याला मोठे व्हायला लागले. मग तो आतल्या खोलीत पलंगावर दिसू लागला. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी आता औषध फक्त दुखण्यावर, असं सांगितलं होतं. एका दुपारी ताई बाहेर कुणाशी फोनवर बोलत होती आणि दुकानात काकू आणि मधली दोघीच होत्या. काकूनं यंत्र थांबवलं.

"खरं सांग पोरी. तुमचा देव बरं करतो का?"

मधलीला त्या क्षणी "मला माहीत नाही" असं म्हणता आलं असतं. पुढे कितीतरी वर्षं ती ते तीन शब्द तोंडातल्या तोंडात म्हणत राहिली. पण समोर काकूचे डोळे होते, आणि आपल्या देवाची लाज राखायला हवी असं तिला वाटून गेलं.

"ते बरे होतील," ती म्हणाली. "मला खात्री आहे." काकू बघतच राहिली, म्हणून तिनं आणखी एक वाक्य जोडलं. "देवानं मला तसं सांगितलंय."

काकूनं खांदे खाली सोडले. कितीतरी दिवसांनी सोडले असावेत असे. शनिवारच्या अहवालात मधलीनं ते लिहिलं, आणि पाळकांनी ते उपासनेत वाचून दाखवलं. लोकांनी तिचे हात धरले. ताईसुद्धा म्हणाली, "बघ, मी म्हणत होते ना, तुझी वेळ येईल." मधलीला जेवण गेलं नाही. त्या दिवसापासून ती कुशनवाल्याच्या दारात शिरताना आधी त्याचा चेहरा बघायची, जसं परीक्षेचा निकाल बघावा. चेहरा रोज थोडा बारीक झालेला असायचा. काकू मात्र उलट म्हणायची, "आज दोन घास जास्त खाल्ले हं."

तीन आठवड्यांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर आलेलं दिसलं. एक अनोळखी माणूस आतून फुलांची वेष्टणं बाहेर आणून टाकत होता. मधलीला कळलं. ती थांबली नाही. पावलं उचलून ती थेट गल्लीच्या टोकाला गेली आणि ताईला म्हणाली, "आज पलीकडून जाऊ."

पुढे अकरा दिवस ती पलीकडूनच गेली. रस्ता खणलाय, तिकडे कुत्रं सुटलंय, अशी एकेक थाप. बाराव्या दिवशी सकाळी दोघी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या, तेव्हा ताई म्हणाली, "रस्ता खणलेला नाही. मी काल जाऊन आले."

मधलीनं पुढचा कपडा पिळायला घेतला.

"त्यांच्या मुलीला वडिलांची शेवटची भेट मिळाली नाही," ताई म्हणाली. "ती यायला निघाली होती. आईनंच फोन करून सांगितलं, घाई करू नकोस, बाबा बरे होणार आहेत, पुढच्या महिन्यात सावकाश ये."

मधलीच्या हातातला पिळा तसाच राहिला. पाणी पायावर गळत होतं.

"असं मनाला लावून घेऊ नकोस," ताई म्हणाली. "देवाची इच्छा वेगळी होती, एवढंच सांगायचं."

"पण मी म्हटलं होतं, त्यानं मला सांगितलंय."

"तसं आपण सगळेच बोलतो गं."

"तुला खरंच सांगतो का तो? ताई, तुला?"

ताईनं एक टॉवेल झटकला, दोरीवर टाकला, दोन्ही टोकं जुळवली. मग पुन्हा जुळवली. "मला विचारू नकोस," ती म्हणाली आणि रिकामी बादली घेऊन आत गेली.

त्याच दुपारी मधली एकटी गेली. शटर पूर्ण वर होतं. दारात तिशीतली मुलगी उभी होती, हुबेहूब कुशनवाल्याचं कपाळ.

"तू ती?" तिनं विचारलं.

"हो. मला सांगायचं होतं... देवानं मला काही सांगितलं नव्हतं. मीच बोलले."

मुलगी दारातून बाजूला झाली. "हे मला नको. आत आई आहे, तिला सांग."

काकू शिवणयंत्रावर होती. एका दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यातल्या आठ खुर्च्यांचं काम अर्धवट पडलं होतं. मधलीनं पुन्हा तेच सांगितलं, दुसऱ्यांदा तर आणखी अडखळत. काकूचा पाय यंत्रावर चालूच राहिला. शिवण संपल्यावर तिनं दोरा तोडला.

"मग तीन आठवडे मी कशाच्या भरवशावर झोपले?" ती म्हणाली. "माझ्या मुलीला मी कशावर थांबवलं?"

काकूनं पुढचा तुकडा सुईखाली सरकवला.

"जा आता."

ती गेली. खोलीवर तिला बसवेना. पलंगावरून खिडकीशी, खिडकीपासून दाराशी. प्रार्थनेला गुडघे टेकले, पण तोंडातून शब्दच निघेना. आतापर्यंतचे सगळे शब्द उसने वाटायला लागले. क्षमा मागावी तर कुणाची, आणि मागून मोकळं व्हायचं, एवढ्यासाठीच का मागायची? दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती पुन्हा दुकानात जाऊन उभी राहिली.

"परत कशाला?" काकू म्हणाली. "आणखी काही सांगितलं का त्यानं?"

"नाही. काहीच नाही सांगितलं."

काकूनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पालथ्या घातलेल्या खुर्चीकडे बोट केलं. "ते कापड धर. ओढून."

कापड ताणायला एक माणूस आणि चुका ठोकायला दुसरा, असं ते काम. आधी ताणायचं काम काकूचं असे, आता ठोकायचंही तिच्यावरच आलं होतं. मधलीनं ओढलं. "ढिलं आहे." आणखी ओढलं. "तिरकं झालं." पुन्हा. पहिली खुर्ची तीनदा उकलावी लागली. बोटांची सालं निघाली. काकूनं ओठांत चुका धरल्या होत्या, त्यामुळे दोघींना बोलावं लागत नव्हतं, हेच बरं होतं. मुलगी आतून चहा आणायची तो एकच पेला, आईपुरता.

मधली रोज जेवणाच्या सुट्टीत जाऊ लागली. पाळकांच्या कानावर गेलंच. "ही सेवा आहे की मजुरी?" त्यांनी विचारलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांनाही वर कुणाला तरी अहवाल द्यायचा असे. मधलीनं रविवारी साक्ष द्यायची परवानगी मागितली. त्यांना वाटलं, गाडी रुळावर आली.

ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी मागे सांगितलं ते खोटं होतं. देव माझ्याशी कधी बोललेला नाही. मी वाट बघतेय. पण त्याच्या नावावर मी जे बोलले, त्यामुळे एका मुलीची आणि तिच्या वडिलांची भेट चुकली."

कुणी आमेन म्हटलं नाही. मागे एक बाक करकरला. ताई मान खाली घालून बसली होती, तिचे कान लाल झाले होते.

पंधरा दिवसांत बदली आली, दुसऱ्या शहरात. आठातल्या सहा खुर्च्या झाल्या होत्या. मधली सांगायला गेली तेव्हा काकू सातवीचा जुना फोम उचकटत होती.

"दोन राहिल्यात," काकू म्हणाली.

"हो."

"ही ओढेल." तिनं मुलीकडे मान हलवली. मग विचारलं, "तू अजून प्रार्थना करतेस?"

"करते."

"काय म्हणतेस?"

"आता फार बोलत नाही. आहेस का, एवढंच विचारते. मग थांबते."

"तुला येतं थांबता?"

"नाही," मधली म्हणाली. "पाय हलत असतात."

काकूच्या ओठाचा कोपरा किंचित हलला, पण हसू म्हणावं असं काही नव्हतं. तिनं फोमचा भुगा झटकला आणि पुन्हा खुर्चीकडे वळली.

दुसऱ्या शहरात मधलीनं उरलेलं एक वर्ष काढलं. तीच दारं, तेच जिने. लोक आपली दुखणी सांगायचे आणि ती ऐकायची. कुणी खात्री मागितली तर सरळ म्हणायची, मला माहीत नाही. तिच्या हातून एकाही माणसाचा बाप्तिस्मा झाला नाही. घरी परतल्यावर मंडळीनं हार घातला आणि कुणीतरी विचारलं, "किती आत्मे जिंकले?" ती म्हणाली, "एकही नाही." आईनं तिला पटकन जेवायला वाढलं. वडिलांनी ओळख काढून आपल्याच दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर तिला लावून दिलं. रविवारी ती उपासनेला जाते. प्रार्थनेत कधी तरी, फार थोडा वेळ, आपण एकट्या नाही असं तिला वाटून जातं. ते देवामुळे की शेजारच्या माणसांमुळे, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही, आणि त्याची रुखरुख जात नाही.

काकूला ती दर दोन महिन्यांनी पत्र लिहायची. उत्तर यायचं नाही. दोन वर्षांनी एकदाचं पाकीट आलं, अक्षर मुलीचं होतं.

"आई बरी आहे," मुलीनं लिहिलं होतं. "मी नोकरी सोडून इथेच आलेय. मला आता कापड नीट ओढता येतं. तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही. पण तुझं पत्र आलं की आई ते दोनदा वाचून घेते. तेव्हा लिहीत जा."

मधलीनं तिथल्या तिथे, खिडकीवर गर्दी नसताना, उत्तर लिहायला घेतलं. हवापाणी झालं, आईवडिलांची खुशाली झाली. मग "मी तुम्हा दोघींसाठी रोज प्रार्थना करते" असं लिहिलं आणि ते खोडलं. खरं होतं, पण त्या घरात तिचा तो शब्द आता कुणाला हवा असेल? कागद बदलला. पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा खोडलं. बाहेर कुणीतरी केसपेपरासाठी काचेवर बोटं वाजवली. तिसऱ्या कागदावर तिनं ते वाक्य लिहिलं, या वेळी खोडलं नाही, आणि पुढे जोडलं: "तुम्हाला नको असेल तर तसं कळवा."