बॉम्बरच्या पोटाखालचं विमान

काल लेकीचा चष्मा चिकटवताना गोंदाचा उग्र वास आला आणि बोरीवलीतली ती दुपार आठवली.

आईचं ऑपरेशन चालू होतं. हॉस्पिटलात मामा होता, माझ्यासाठी बाबा घरी थांबले होते. बाबांनी बनवलेल्या बॉम्बर विमानाच्या मॉडेलच्या पोटाखाली, खरं बॉम्बर हवेत नेऊन सोडायचं तसलं छोटं लढाऊ विमान आम्ही चिकटवत होतो. मी ते धरून ठेवलं होतं.

फोन वाजला.

“बाबा, मामाचा असेल.”

“हलू नकोस गं, सुकू दे.”

फोन थांबला, पुन्हा वाजला. यांना आईपेक्षा विमान मोठं, असं वाटून मला भयंकर राग आला. फोन उचलायची त्यांची हिंमतच होत नव्हती, हे आज कळतं.

शेवटी विमान सोडून मीच धावले. “आई शुद्धीवर आली,” मी सांगितलं.

बाबांनी धावत येऊन माझ्या हातातून फोन घेतला. तुटून पडलेल्या विमानाकडे त्यांनी पाहिलंही नाही.