गोठवल्याने वय पुसलं जात नाही

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत. चिडली की पाठीमागे 'तोफ' म्हणत. बावीस वर्षं ती माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवत होती. बाटलीचा तळ पेशींनी भरला की त्या सोडवून दोन बाटल्यांत निम्म्या-निम्म्या घालायच्या आणि लेबलावरचा पिढीचा आकडा एकाने वाढवायचा.

त्या सोमवारी तिच्या हातात बदलीचा कागद पडला. आठवडाभर पेशी वाढत नव्हत्या, म्हणून नव्या साहेबांनी तिला बाटल्या धुण्याच्या खोलीत पाठवलं होतं. कारण: हाताची अस्वच्छता. ती कागद घेऊन तडक त्यांच्या टेबलापाशी गेली.

"मनावर घेऊ नका, ताई," तिच्या लेकाच्या वयाचे साहेब म्हणाले. "वय झालं की हात कापतात, जंतू शिरतात."

"जंतू शिरले की द्रव गढुळतो. हे बघा, लख्ख आहे. पेशी म्हाताऱ्या झाल्यात."

"बाराव्या पिढीत? आणि पेशी तर सतत नव्या होतात. शरीर रोज नवी कातडी बनवतं ना?"

"बनवतं. मग माझ्या गालावरच्या सुरकुत्या काय बाजारातून आणल्या?"

शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. ताई हसली नाही. "नवी पेशी जुनीतूनच निघते, साहेब. दर विभाजनाला गुणसूत्रांची टोकं झिजतात आणि ती झीज लेकीबाळींना मिळते. पन्नासेक विभाजनं झाली की ही पेशी हात टेकते. बारा हा आकडा कुणी घातला?"

"मीच. पेशींची गोठवलेली कुपी वितळवली, तिथून एक-दोन मोजलं."

"गोठवली तेव्हा कितवी पिढी होती?"

साहेबांनी शीतपेटीची वही उघडली. बोट एका ओळीवर टेकवलं. "अडतीस."

"अडतीस आणि बारा किती?"

"पन्नास," साहेब पुटपुटले.

"सहा महिने झोपून उठलात तर रांगायला लागाल का? पेशी गोठल्या तरी गणती विसरत नाहीत. तुम्ही विसरलात, आणि अस्वच्छ माझे हात?"

"चुकलं, ताई. लेबलं बदलतो. बदलीचं नंतर बघू."

"नंतर नाही. चार माणसांत लिहिलंत, चार माणसांत खोडा."

साहेबांनी बदलीच्या कागदावरचा मजकूर खोडला. ताई हलली नाही. "खाली सही."

सही झाली.

"चहा सांगू?"

"नको. तुमच्यापायी आठवडा वाया गेलाय," म्हणत तिने हातमोजे चढवले.