वहिनीने न काढलेली स्लाइड

आमच्या वहिनीला संशोधन कोणी शिकवलं असं विचारलं, तर खरं उत्तर एकच आहे: मोबाईलने. कॉलेजने त्यासाठी रीतसर गाईड सर नेमून दिले होते. पण सरांनी तिला शिकवलं ते फक्त वाट बघायला. त्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसून तिने जेवढे व्हिडिओ बघितले, तेवढे घरी कधी बघायला मिळाले नाहीत. प्रश्नावली कशी करावी, संदर्भ कसे लिहावेत, स्लाइडवर किती मजकूर असावा, लोकांसमोर उभं राहिल्यावर हातांचं काय करावं, सगळं त्या बाकावर. आत सर चहा घेत असायचे.

वहिनी चष्म्याच्या दुकानात काम करते. मागच्या खोलीत फ्रेमच्या मापाने काचा घासायच्या, बसवायच्या, आणि गर्दी झाली की पुढे येऊन गिऱ्हाईकाच्या नाकावर चष्मा ठेवायचा. लग्नात अर्धवट सुटलेलं शिक्षण तिने संध्याकाळच्या वर्गांना नाव घालून पुन्हा धरलं, आणि एम.ए.च्या शेवटच्या वर्षी प्रबंधापर्यंत आणलं. डोळ्यांच्या मोठ्या इस्पितळात एक जागा निघणार होती, वस्त्यांमधून फिरून काम करायची. त्या जागेला पदवी हवी होती, आणि वहिनीला ती जागा हवी होती. इतकी, की इस्पितळापर्यंत कोणती बस जाते हे तिने आधीच बघून ठेवलं होतं.

प्रबंधाचा विषय तिचा तिनेच काढला. वयस्कर माणसं चष्मा करून नेतात, पण घालतात का?

"यात संशोधन कसलं?" दादा म्हणाला. "पैसे मोजून घेतलाय म्हणजे घालणारच की."

"तुम्ही पैसे मोजून व्यायामाची सायकल घेतलीत," वहिनी म्हणाली.

सायकलवर टॉवेल वाळत होते.

तिच्या आवडत्या व्हिडिओंमध्ये एक बाई होत्या, कुठल्याशा परदेशी विद्यापीठातल्या. त्यांचं इंग्रजी धाडधाड सुटायचं, म्हणून वहिनी त्यांचा वेग कमी करून ऐकायची. त्यामुळे बाई एकेक शब्द लांबवत, जड जिभेने बोलायच्या. दादाने पहिल्यांदा ऐकलं आणि हळूच मला विचारलं, "या बाईंनी थोडी घेतलीय का रे?" पुढे वहिनी स्वयंपाकघरात प्रेझेंटेशनचा सराव करायला लागली तेव्हा तीही तशीच बोलायला लागली. शिवाय शेवटी म्हणायची, "माझं सादरीकरण संपलं. काही शंका असतील तर खाली कमेंट करा."

"खाली म्हणजे कुठे, वहिनी? टेबलाखाली?"

"भाऊजी, तुम्ही गप्प बसायचे काय घ्याल?"

पहिल्या सहा महिन्यांत तिने दुकानात येणाऱ्या प्रत्येक वयस्कर गिऱ्हाईकाला विचारलं. चष्मा रोज घालता का? जवळपास सगळे म्हणाले, घालतो. आलेख काढला तर हो-चा खांब नाही-च्या खांबाशेजारी असा दिसायचा, की जणू बाप तान्ह्या पोराला घेऊन उभा आहे. गाईड सर प्रथमच खूश झाले. इतके, की विभागाच्या परिसंवादात त्यांनी तो निष्कर्ष स्वतःच वाचून टाकला. वहिनीचं नाव शेवटी आभारात होतं, ज्यांनी प्रोजेक्टर लावला त्यांच्यानंतर.

मग एका सुट्टीच्या दुपारी घात झाला. आई मटार सोलत बसली होती, वहिनी शेजारी व्हिडिओ लावून पोळ्यांची कणीक मळत होती. त्या जड जिभेच्या बाई सांगत होत्या की प्रश्न कोण विचारतंय यावर उत्तर ठरतं. माणसं खरं बोलत नाहीत, समोरच्याला बरं वाटेल ते बोलतात. वहिनीचे हात थांबले. तिने व्हिडिओ मागे नेला आणि पुन्हा ऐकला. मग आईकडे वळली.

"आई, तुम्ही चष्मा रोज घालता ना?"

"घालते की."

"आता कुठाय?"

आईने एक शेंग फार मन लावून सोलली. "कपाटात. टॉवेलांच्या खाली."

"आई! मी दुकानात विचारलं तेव्हा हो म्हणालात. माझ्या हो-च्या खांबात तुम्ही आहात!"

"मग काय म्हणू? सुनेने स्वतः काचा घासून दिलेला चष्मा, आणि चार लोकांत सांगू घालत नाही म्हणून? तुला वाईट वाटलं असतं."

"पण का घालत नाही?"

"घातला होता गं. घातला आणि घरातली सगळी जाळी-जळमटं दिसायला लागली. आता दिसली की काढायला नकोत? त्यापेक्षा न दिसलेली बरी."

मी हसून हसून मटारांत पडलो. वहिनी हसली नाही. ती पिठाच्या हातांनी तशीच उभी होती. दुकानाचा कोट घालून, काउंटरमागे उभं राहून, तिने सहा महिने लोकांना विचारलं होतं की आमच्याकडून घेतलेली वस्तू वापरता का. तोंडावर नाही कोण म्हणणार?

दुसरी कोणी असती तर व्हिडिओ बंद करून पोळ्यांना लागली असती. वहिनीने पोळ्या केल्या, पण दुसऱ्या दिवशीपासून नव्याने सुरुवातही केली. तिचा चेहरा म्हणजे दुकान, तेव्हा तिने विचारून उपयोग नव्हता. मला जुंपलं. घरोघरी जायचं, चष्म्याचं नाव काढायचं नाही. औषधाचं खोकं पुढे करायचं आणि म्हणायचं, यावर बारीक काय लिहिलंय, जरा सांगता का? मग बघायचं, माणूस काय करतो. वहिनी खाली जिन्यात थांबायची.

काय काय बघितलं म्हणून सांगू! एका रिटायर शिंपीकाकांनी खोकं हात लांब करून धरलं, मग भिंतीला टेकवलं आणि मागे सरकत सरकत दारापर्यंत गेले. चष्मा खिशातच होता. तो लावला तर शेजारचे म्हातारा म्हणतील, एवढीच अडचण. एका घरात तिघांत एक चष्मा होता, ज्याचा नंबर तिघांपैकी कुणाचाच नव्हता. आणि एका आजींनी खोकं न बघताच सांगितलं, "रोज दोन, जेवणानंतर." त्या दिवशी मी चुकून डास पळवायच्या वड्यांचं खोकं नेलं होतं.

नवा आलेख जुन्याच्या अगदी उलट आला. वहिनी तो घेऊन सरांकडे गेली. मी बाकावर बसलो होतो, दार उघडं होतं.

"या, व्हिडिओ विद्यापीठ," सर म्हणाले. मग कागद बघून त्यांचा आवाज बदलला. "हे कशाला? आधीचं झकास होतं."

"आधीचं चूक होतं, सर."

"कुणाच्या कपाटात काय आहे हे बघायला कोण जाणार आहे?"

"आम्ही जाऊन आलो ना."

सरांनी बराच वेळ पेन वाजवलं. "बरं, नवीन घाला. पण जुनं काढून टाका. स्लाइड नको, उल्लेख नको. आपली चूक कोणी फलकावर लावतं का?"

"चूक कशी झाली तेच तर सापडलंय, सर. उद्या दुसरं कोणी दुकानात उभं राहून हेच विचारेल."

"मोबाईलवर शिकलं की असं होतं," सर म्हणाले. "ज्ञान येतं, अक्कल येत नाही."

बाहेर आल्यावर मला वाटलं, ही आता रडणार. ती म्हणाली, "भाऊजी, त्या मोबाईलला मी एकच गोष्ट वीस वेळा विचारली. त्याने एकदाही पेन वाजवलं नाही."

तोंडी परीक्षेच्या दिवशी वर्गात मागच्या बाकावर दादा, आई आणि मी. आईने चष्मा आणला होता, पर्समध्ये. समोर सर आणि बाहेरून आलेले परीक्षक, टक्कल, कडक कॉलर. वहिनीची पहिली स्लाइड पडद्यावर आली. जुना आलेख, आणि वर ठळक अक्षरात: माझे पहिले सहा महिने चुकले, ते असे.

"हे काय?" परीक्षक म्हणाले.

"प्रश्न शेवटी घेते, सर," वहिनी म्हणाली, त्याच लांबवलेल्या आवाजात.

दादाने डोळे मिटले. पण वहिनी थांबली नाही. शिंपीकाका, तिघांत एक चष्मा, डासांच्या वड्या, सगळं सांगून मगच थांबली. कमेंट करा म्हणाली नाही, नशीब.

सर परीक्षकांच्या कानाशी लागले. बरंच लागले. मग परीक्षक म्हणाले, "काम ठीक आहे. ती पहिली स्लाइड आणि प्रबंधातलं ते प्रकरण काढून टाका, मी आत्ता सही करतो. नाहीतर सहा महिन्यांनी पुढच्या फेरीत या."

इस्पितळाचे अर्ज त्याच महिन्यात बंद होणार होते. हे आम्हाला माहीत होतं, सरांनाही माहीत होतं. मागून आई जोरात कुजबुजली, "काढ गं, एकच तर आहे!"

वहिनीने मागे बघितलं नाही. "त्यात काय चूक आहे ते लिहून द्याल का, सर? म्हणजे सुधारून आणते."

परीक्षक जरा चमकले. लेखी हरकत मागायची आणि लेखी उत्तर द्यायचं, हाही तिने व्हिडिओतच ऐकलेला भाग. त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं: पहिल्या भागात अधिक स्पष्टता आणावी.

"आणते," वहिनी म्हणाली आणि प्रोजेक्टरची वायर काढली.

घरी दादा दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही. "एका स्लाइडपायी नोकरी घालवलीस."

"घालवली," वहिनी म्हणाली. "तुम्ही ओरडा. मी ऐकते. पण काढणार नाही." ती नोकरी दुसऱ्या कुणाला तरी लागली. त्या दिवशी वहिनीने दुकानात दिवसभर काचा घासल्या आणि घरी येऊन कुणाशी न बोलता जेवली. तेवढं एकच दुःख तिने आम्हाला दिसू दिलं.

सहा महिन्यांनी तोच वर्ग, तेच परीक्षक, तेच सर. पडद्यावर तीच स्लाइड.

"ही अजून आहे?" परीक्षक म्हणाले.

"आहे, सर. तुम्ही अधिक स्पष्टता आणा म्हणाला होतात. आणलीय." तिने बटण दाबलं. जुन्या आलेखाखाली एक नवीन ओळ आली: हाच चुकीचा निष्कर्ष विभागाच्या परिसंवादातही वाचला गेला आहे. तिथेही तो दुरुस्त करावा.

परीक्षकांनी ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. मग सावकाश शेजारी वळले. "वाचला गेला म्हणजे? कोणी वाचला?"

सरांचं पेन वाजायचं थांबलं. "म्हणजे, विभागातर्फे... तेव्हाचा डेटा तसाच होता..."

"हे मला मागच्या वेळी सांगितलं नव्हतंत."

"तशी वेळ नव्हती..."

"माझ्या कानाशी तर बराच वेळ होतात तुम्ही."

वहिनी पडद्याजवळ हात कुठे ठेवायचे ते नीट आठवून, तसे ठेवून उभी होती. परीक्षकांनी प्रबंध पुढे ओढला, पहिलं प्रकरण उघडलं आणि या वेळी खरंच वाचलं. ती नवीन ओळ तिथेही होती. त्यांनी मंजुरीच्या कागदावर सही केली, आणि तो कागद वहिनीच्या आधी सरांपुढे सरकवला, कारण खाली गाईडची सही लागते.

सरांनी केली. त्या ओळीसकट.

"अभिनंदन," परीक्षक म्हणाले. "आता काही विचारायचं आहे का तुम्हाला?"

"हो," वहिनी म्हणाली. "परिसंवादातलं कधी दुरुस्त होणार, ते लिहून द्याल का?"