दारातली हाळी

“अवो काका, आत कोन बी न्हाई! खाकरताय कुनासाठी?” मुकादम फव्वाज वैतागला.

दैफुल्ला आपल्याच जुन्या घराच्या दारात झाडू घेऊन उभा होता. अरबस्तानातल्या अल-उलाच्या या खोऱ्यातनं एके काळी लोबान लादलेल्या उंटांचे तांडे जायचे. आता तिकीट काढून पाहुणे येतात. मातीची घरं सरकारनं घेतली आणि दैफुल्ला तिथंच झाडलोटीला लागला. पण बायामाणसांना सावरायला वेळ मिळावा म्हणून दारातनं हाळी द्यायची, आतनं ‘या’ आलं की मगच पाऊल टाकायचं, ही सवय काही सुटेना.

“आई आतल्या अंगणात बसायची. डोकं उघडं असायचं तिचं.”

“तिला जाऊन जमाना झाला! रोज या दारात खोळंबा. उद्या दुसरा गडी आनतो बगा.”

दैफुल्लाचे गुडघे ठणकत होते. काम गेलं तर घरी सुनेच्या तोंडाकडं बघत बसावं लागणार होतं.

“आन. पर त्याला सांग, पुढचं घर माज्या सासऱ्याचं हाय. तितं दोनदा वरडावं लागतं. सासू बहिरी हुती.”

फव्वाजला हसू आवरेना. “जावा, उरका,” म्हणाला.

दैफुल्ला आतनं ‘या’ यायला लागेल तेवढा वेळ दारात थांबला, मग आत शिरून झाडायला लागला.