एक्सचेंजबाईंचा पासवर्ड

ही गोष्ट सांगायचं मी कित्येक वर्षं टाळत आलो. विषय निघाला की पाणी प्यायच्या निमित्ताने उठायचो.

धरमपेठेतल्या आमच्या अभ्यासिकेचा इंटरनेटचा राऊटर एक्सचेंजबाई सांभाळत. टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेल्या, म्हणून हे नाव. राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड टाकताना त्या सगळ्यांना तोंड फिरवायला लावत. "पोट्टेहो, भिंतीकडे पाहा!" मी सचिव, पण मलाही सूट नव्हती. "साहेब, तुमची मान काय येगळी आहे?" पोरं खो खो हसायची. मला ते लागायचं.

"लोकायचं बोलणं ज्या तारेतून जाते, तिथं आपण कान बंद ठेवाचे," असं त्या म्हणत. सगळी नोकरी त्यांनी तशीच केली होती.

दसऱ्याला आम्ही राऊटरचीही पूजा केली. हळदकुंकू, झेंडू, आपट्याचं पान. बाई प्रसाद वाटायला बाहेर गेल्या आणि सेटिंगचं पान संगणकावर उघडंच राहिलं. मुहूर्ताला काहीतरी नवं करावं म्हणून मी पासवर्ड बदलून कुलदेवतेचं नाव घातलं. अधिकार माझाही आहे, हेही मनात होतंच. मग सोनं वाटण्याच्या गडबडीत विसरून गेलो.

हिवाळ्यात, परीक्षेचे फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी नेट बंद पडलं. सेटिंगमध्ये शिरल्याशिवाय ते सुरू होणार नव्हतं, आणि बाईंचा पासवर्ड लागेना.

"कोणीतरी बदलला, साहेब."

"तुमच्याशिवाय येतं कोणाला? मुलांना वेठीला धरू नका!"

हे मी सगळ्यांसमोर बोललो.

"मी काहून धरीन?" एवढंच त्या म्हणाल्या. अभ्यासिकेची किल्ली टेबलावर ठेवून निघून गेल्या.

राऊटर रीसेट करायला बोलावलेला मेकॅनिक टाचणी शोधत होता. तेवढ्यात मी, माझे सगळे पासवर्ड तेच म्हणून, सवयीने कुलदेवतेचं नाव टाकून पाहिलं. उघडलं. दसरा आठवला.

"लागला का अंकल? कोणता होता?" एका मुलाने विचारलं.

"बाईंचाच," मी म्हणालो.

मुलांचे फॉर्म गेले. बाई पुन्हा आल्या नाहीत. भिवापूरला भावाकडे राहू लागल्या. उन्हाळ्यात मी एसटीनं तिथे गेलो. वाटभर एक वाक्य जुळवत होतो. त्यांनी चहा दिला आणि आधी विचारलं, "पोट्ट्यायचे फॉर्म भरले ना?"

"भरले."

"मंग झालं तर."

चहा संपला. मी उठलो.

गेल्या महिन्यात बाई वारल्याचं कळलं. एसटीत जुळवलेलं वाक्य असं होतं: बाई, पासवर्ड मी बदलला होता आणि नाव तुमचं सांगितलं, मला माफ करा.