चोळीच्या दोन डाव्या बाजू

मी फार हुशार आहे, ही गोष्ट अकराव्या वर्षी फक्त मला ठाऊक होती. बाकीच्या नाशकाला तिचा पत्ता नव्हता. तो लागावा म्हणून मी जी खटपट केली, तिचं फळ एका रविवारी भरल्या घरात, बायकांच्या देखत मिळालं.

आम्ही पंचवटीत राहत होतो. वडील यात्रेकरूंची धर्मकृत्यं करायचे, आणि घर आत्या चालवायची. ती वडिलांची थोरली बहीण, कोवळ्या वयात विधवा होऊन माहेरी परत आलेली. तिला अक्षरओळख नव्हती, पण घरातली प्रत्येक चोळी तीच बेतायची. चौथी झाली, आता मुलीला शाळा कशाला, असं तिचं म्हणणं. वडील यावर खाकरायचे आणि बाहेर जायचे. आईला कोणी विचारत नव्हतं. म्हणजे माझी शाळा आत्याच्या एका शब्दावर टांगलेली होती.

ताई सातव्या महिन्यात माहेरी आली. डोहाळजेवण ठरलं, तिच्या सासरहून हिरवा खण आला. आत्याने पाठ आणि बाह्या कापल्या, आणि नेमकं तिच्या अंगठ्याला नखुरडं झालं. कात्री धरवेना. समोरच्या दोन बाजूंपुरता लांबट तुकडा तेवढा राहिला होता.

"आण, मी कापते," मी म्हणाले. "भूमितीनं."

"भूमितीनं चोळ्या होतात होय ग?"

"शाळेत शिकवलंय आम्हाला."

"आणि बिघडवलीस तर? दुसरा खण नाही हो घरात."

"तर शाळा सोडीन!"

हे वाक्य माझ्याकडून कोणीही वदवून घेतलेलं नाही. आत्याने कात्री पुढे सरकवली.

झालं होतं असं, की त्याच आठवड्यात बाईंनी आम्हाला कागदाचे चौरस दिले होते. जिथे घडी घातली की एक अर्ध दुसऱ्यावर तंतोतंत बसतं, ती सममितीची रेषा. चौरसाला अशा चार: एक उभी, एक आडवी आणि दोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. वर्तुळाला मोजता येणार नाहीत इतक्या. "घडी घालून बघा, मग बोला," असं बाई दहा वेळा म्हणाल्या. मी बोलायचं तेवढं लक्षात ठेवलं.

शिवाय ओटीत घालायचा खण मी जन्मापासून त्रिकोणी घडी घातलेलाच पाहिलेला. त्या घडीत जास्तीची पट्टी आत खोचून टाकतात, हे मला कुठे माहीत! माझ्या लेखी चार कोपऱ्यांचं जे जे म्हणून असेल, ते कोपऱ्यावर कोपरा ठेवला की जुळायचंच. मी घडी घातली नाही. पट्टी ठेवून खडूने तिरकी रेघ ओढली आणि सर्रकन कापलं. दोन त्रिकोण! सूतभर फरक नाही. मला इतका आनंद झाला की मी बाजूच्या पाटाला नमस्कार केला.

मग ते ताईच्या अंगाला लावून पाहिले. एक डावीकडे छान बसला. दुसरा उजवीकडे लावला, तर त्याचं टोक भलतीकडे. फिरवला, पुन्हा तसंच. पालथा केला तेव्हा कुठे नीट बसला, पण आता खणाची उलटी बाजू वर, सगळे दोरे बाहेर. कागदाला उलट-सुलट नसते. खणाला असते.

"अग, या दोन्ही डाव्याच कापल्यास की!" ताई म्हणाली. मी रडायला लागले, तसा तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "आत्या ऐकेल. गप. पालथा तुकडा डावीकडे घेऊ, तिथे पदर येतो. पदराखाली कोण बघतंय?"

पण पालथा तर उजवीकडे बसत होता; तो डावीकडे कसा आला, हे सांगायला मलाच आज पुन्हा कागद घेऊन बघावं लागलं. दोन्ही तुकडे पालथे केले की दोन्ही उजवे होतात. एक सुलट, एक पालथा, हेच काय ते जमतं. म्हणून ताईने दोन्ही तुकडे फिरवून खांद्याकडे दुसराच कोपरा घेतला; तसा सुलटा उजवीकडे बसला आणि पालथा डावीकडे. चोळी शिवून झाली.

रविवारी ताई पाटावर बसली. पदर घट्ट धरून. घामाने डबडबली, तरी हात काढीना. आणि आम्ही दोघी शहाण्या एक गोष्ट विसरलो होतो: ओटी भरतात ती पदरात. "पदर पुढे कर ग," तिच्या सासूबाई म्हणाल्या. ताईने माझ्याकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी पदर पसरला.

"अगबाई! तुमच्याकडे खण पालथा शिवतात वाटतं?"

बायका हसल्या. आत्या विधवा, तिला त्या खोलीत येणं नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिथूनच म्हणाली, "आमच्या पंडितेचं काम ते. उद्यापासून तिची शाळा बंद."

संध्याकाळी तिने मला बोलावलं. "दोन्ही सारखे होते ना? मग असं झालंच कसं? दाखव."

मी कागद कापून दाखवला. तिने ते तुकडे फिरवले, पालथे केले, पुन्हा फिरवले. बराच वेळ.

"हे तुझ्या बाईंना माहितेय?"

"नसेल. कागद दोन्हीकडून पांढराच असतो."

"मग उद्या जा. सांगून ये."

"आणि परवा?"

"चारचौघींत बोलले मी," आत्या म्हणाली. ते तुकडे मात्र तिने परत दिले नाहीत.

सोमवारी वर्गात नेमका आयत होता. कोपऱ्यावर कोपरा ठेवून सगळ्या मुलींनी घडी घातली, आणि कोणाचीच जुळली नाही. आयताला रेषा दोनच. मी उठून खणाचं सांगितलं. ताईचं नाव न घेता, माझं घेऊन.

बाईंनी खडू खाली ठेवला. "हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. उद्या खणाचा एखादा तुकडा घेऊन ये हं, सगळ्यांना दाखवू."

"हो, बाई," मी म्हणाले. उद्या मी येणार नाही, हे सांगायला तोंड उघडेना. एरवी केवढं तोंड होतं मला!